लग्नाचा अल्बम आणि आपली माणसे

दलित साहित्याची समीक्षा आपण पुष्कळ केली. कविता, आत्मकथन, नाटक, जलसा यांची चिकित्सा झाली, वाद झाले, त्यापायी एकमेकांशी अबोलेही झाले. परंतु आपल्या घरोघरी पत्र्याच्या पेटीत किंवा लोखंडी कपाटात जी एक जाडजूड वस्तू जपून ठेवलेली असते, आणि पाहुणा टेकला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ जी त्याच्या मांडीवर येते, त्या लग्नाच्या अल्बमकडे समीक्षकाच्या नजरेने कुणी पाहिल्याचे मला आठवत नाही. मी शाळेत जाईपर्यंत आमच्या घरात एकही पुस्तक नव्हते. फोटो मात्र होता. कवितासंग्रह आपण ज्या कठोरपणे वाचतो त्याच कठोरपणे अल्बमही वाचला पाहिजे, असे माझे मत आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नातेवाईक, शेजारी आणि माजी विद्यार्थी यांच्याकडून १७ अल्बम मागून आणले. सगळे जालना जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी स्टुडिओ असलेल्या एकाच फोटोग्राफरचे, आणि सगळी लग्ने बौद्ध पद्धतीने लागलेली. फोटोग्राफरचे नाव देत नाही. त्याची जात तर मुद्दामच सांगत नाही. मला जे म्हणायचे आहे ते त्याच्या जातीवर अवलंबून नाही.

माणूस कसबी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. त्याचे खरे सामर्थ्य कुटुंबाच्या फोटोत दिसते. जेवणाच्या पंगती उठू लागल्या की तो दोन्हीकडच्या माणसांना एकत्र करतो. म्हाताऱ्यांना खुर्च्या देतो. भांड्यांपाशी बसलेल्या चुलतीला हाक मारून बोलावतो आणि ती पदराला हात पुसत येऊन उभी राहीपर्यंत थांबतो. वीटभट्टीवरून थेट आलेला मामा मागच्या रांगेत लपू पाहतो, त्याला पुढे घेतो. ‘हसा’ असे तो कुणालाही म्हणत नाही. त्यामुळे या फोटोतली माणसे जशी आहेत तशी कॅमेऱ्याकडे पाहतात. थोडी संशयाने, थोडी अभिमानाने. एका फोटोत नवरदेवाच्या बापाने नव्या सदऱ्याची किमतीची चिठ्ठी काढलेली नाही. फोटोग्राफरला ती दिसली नसेल असे नाही. दिसूनही त्याने बापाला चारचौघांत टोकले नसावे, असा माझा तर्क आहे. आणि या तर्कासाठीच मला हा माणूस आवडतो.

पण लग्नाच्या विधीपाशी आलो की हाच कसबी हात चुकतो. १९५६ च्या डिसेंबरात, महापरिनिर्वाणाच्या अगदी तोंडावर लिहिलेल्या एका पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाचा विधी सांगितला आहे. त्यात होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये स्टुलावर पाण्याने भरलेले नवे मातीचे मडके, मडक्यात सोडलेला सुताचा धागा, धाग्याचे एक टोक तिच्या हातात, दुसरे त्याच्या हातात, आणि दोघांच्या अंगावर पांढरी वस्त्रे. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची वाट महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच पाडली होती. बाबासाहेबांनी त्या वाटेवर इतका साधा, इतका समान विधी ठेवला. सर्वच ठिकाणी तो जसाच्या तसा पाळला जात नाही, हे खरे. परंतु मी पाहिलेल्या १७ पैकी ११ लग्नांत धागा धरलेला होता, असे घरच्यांनी सांगितले. अल्बममध्ये तो किती ठिकाणी दिसतो? दोन ठिकाणी. त्यातल्या एका ठिकाणी तो धागा आहे हे मला बोट ठेवून दाखवावे लागले.

याचे कारण मी फोटोग्राफरलाच विचारले. तो म्हणाला, “सर, तुमच्या लग्नात कॅमेरा गोंधळतो.” यात अजिबात कुचेष्टा नव्हती. कॅमेऱ्यातले प्रकाशाचे माप समोर पांढरे फार दिसले की फसते. ते पांढऱ्याला करडे करते आणि सावळे चेहरे काळवंडतात. चेहरे उजळावेत म्हणून प्रकाश वाढवला, की साडी, सदरा आणि धागा एकमेकांत विरघळून जातात. तंत्राची अडचण खरी आहे. पण तंत्रालाही इतिहास असतो. कोडॅक कंपनीच्या रंग जुळवण्याच्या कार्डावर कित्येक दशके गोऱ्या बाईचाच चेहरा असे, आणि सगळ्या जगाच्या कातडीचा रंग त्या चेहऱ्यावरून ठरे. गडद रंग नीट यावेत म्हणून फिल्म सुधारली गेली तेव्हा काळ्या माणसांपेक्षा चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारींना आधी दाद मिळाली, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. आता फिल्म गेली. चेहरा कसा असावा याची कल्पना मात्र संगणकात येऊन बसली आहे.

आणि धागा टिपण्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही. दोन पावले बाजूला सरकून मागे गडद पडदा घेतला तरी पुरते. हे त्याला सुचले नाही, कारण त्या क्षणी काही घडते आहे असे त्याला वाटतच नाही. त्याचा अल्बम आधीच ठरलेला आहे: हळद, वरात, हार, अक्षता, पाठवणी. प्रत्येक पायरीला पाने राखलेली. आपल्या लग्नात त्या पायऱ्यांत जे बसते तेवढे तो घेतो. हारांना आठ पाने. त्रिसरण-पंचशीलाला अर्धे पान, तेही मागून. आणि प्रतिज्ञांना? एकही नाही. बौद्धाचार्य माइकवरून सांगतात आणि वर म्हणतो, की मी पत्नीचा मान राखीन, तिचा अवमान करणार नाही, घरातला अधिकार तिच्या हाती देईन. सिगालोवाद सुत्तातून आलेले हे शब्द शेकडो माणसांसमोर एका पुरुषाच्या तोंडून निघतात, आणि नेमका तेव्हा आमचा फोटोग्राफर बॅटरी बदलत असतो. पाच मिनिटांनी तोच वधूला सांगतो, “ताई, मान थोडी खाली.” तिला एक पायरी खाली उभी करतो. प्रतिज्ञा हवेत गेली. खाली घातलेली मान मात्र पुढची पन्नास वर्षे कपाटात राहिली.

सगळा दोष त्याच्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो ऑर्डर घेतो, ऑर्डर आपण देतो. पूर्वी मांडव दारापुढे पडे. तेव्हाच्या फोटोंत नवरा-नवरीच्या मागे शेजाऱ्याचे पत्र्याचे छप्पर, हातपंप, निळा झेंडा आपोआप येई. आता लग्न लॉनवर लागते, वरून ड्रोन फिरतो, आणि त्या उंचीवरून लॉनची हिरवळ दिसते, वस्ती दिसत नाही. लग्नाआधीच्या ‘प्री-वेडिंग’ फोटोंविषयी मी वर्गात एकदा कडवटपणे बोललो. तळ्याकाठी भाड्याचा घोळदार गाऊन, धुराचे नळकांडे, दुसऱ्याची मोटार. हे कुणाचे आयुष्य आहे, असे मी विचारले. एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, आमच्या आईबापाचा जन्म उन्हात गेला. माझा एक फोटो सावलीत निघाला तर काय बिघडले?”

मला उत्तर देता आले नाही. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो लग्नानंतर आठ दिवसांनी स्टुडिओत काढलेला आहे. त्यांच्या मागच्या पडद्यावर संगमरवरी कठडा आणि कारंजे रंगवलेले आहे. दोघेही तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. तो कठडा खोटा म्हणून मी त्यांना कधी हसलो नाही. आणि घोड्यावरच्या नवरदेवाचा फोटो तर काही ठिकाणी निव्वळ हौस राहतच नाही. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यातल्या निझामपूर गावी २०१८ साली एका दलित तरुणाला आपली वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. अशा वरातीच्या फोटोला अनुकरण म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एकच पोज एका गावात नक्कल असते आणि दुसऱ्या गावात दावा असतो. समीक्षकाने गाव पाहिल्याशिवाय बोलू नये, एवढे त्या मुलीने मला शिकवले.

तिचे लग्न मागच्या वर्षी झाले. अल्बम दाखवायला ती घरी आली. चकचकीत पाने, एका पानावर ती तळ्याकाठी, खरोखर सावलीत. मग कुटुंबाचा फोटो. मध्ये खुर्चीवर तिची आजी. मी त्या आजीला ओळखतो. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे गोंदण आहे, आयुष्यभर रानात राबून रापलेला चेहरा. फोटोतली बाई गोरी होती, सुरकुत्या पुसलेल्या, आणि गोंदण नव्हते. सगळ्यांचेच चेहरे संगणकावर एकदम उजळून घेताना तेही डाग म्हणून निघून गेले होते. आजीने अल्बम हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि नातीला विचारले, “माझ्या खुर्चीत ही कोण बसलीय?”

मुलगी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेली. फोटोग्राफर ओशाळला. गिऱ्हाईक गोरेपणाच मागते, म्हणून सवयीने होऊन जाते, असे म्हणाला. मूळ फोटो त्याच्याकडे होता. त्याने तो पैसे न घेता मोठ्या आकारात छापून दिला. आता तो त्यांच्या भिंतीवर आहे. गोंदण स्पष्ट दिसते. मुलीने धाग्याचाही फोटो मागितला होता. त्याने सगळ्या फाइली तिच्यासमोर उघडून शोधल्या. मडके तीन फोटोंत आहे, दोघांचे हातही आहेत. धागा एकातही नाही.