'सहज' कुणाला सहज?

लाओत्सेचा ताओ आपल्याकडे बहुधा अध्यात्माच्या दारातून आला. रजनीशांनी १९७१ ते १९७५ या काळात मुंबईत व पुण्यात दिलेली लाओत्सेवरील हिंदी प्रवचने 'ताओ उपनिषद' या नावाने प्रसिद्ध आहेत. नावातच निकाल लागला आहे. परक्या मातीतला विचार उपनिषदांच्या पंगतीला बसवला, की त्याने आपल्याला विचारायचे प्रश्न आपोआप मिटतात.

खरा घोटाळा 'सहज' या शब्दात आहे. चिनी 'झिरान' म्हणजे आपल्या आपण तसे असलेले. आपण त्याला 'सहज' म्हणून मोकळे होतो. परंतु गीतेच्या १८ व्या अध्यायातले 'सहज कर्म' म्हणजे जन्माबरोबर आलेले कर्म. ते सदोष असले तरी टाकू नये, असा तिथला दंडक. या अर्थाने ताओ वाचला की निसर्गाशी जुळवून घेणे म्हणजे जातीशी जुळवून घेणे ठरते.

च्वांगत्सेच्या ग्रंथात चित्र वेगळे आहे. तिथे बैल कापणारा आचारी आपल्या धन्याला जगण्याची रीत शिकवतो. आपल्याकडे मेलेले ढोर ओढणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले गेले. गोमांस आणि अस्पृश्यता यांचे नाते बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये मांडले आहे. त्याच च्वांगत्सेतला चाके घडवणारा म्हातारा ग्रंथ वाचत बसलेल्या राजाला सुनावतो, की हा मेलेल्यांचा गाळ आहे. आपले कसब मुलालाही देता येत नाही, म्हणून सत्तरीतही आपणच चाके घडवतो, असे तो सांगतो. गोष्टीचा रोख शब्दांच्या अपुरेपणावर आहे हे खरे. तरीही कसब जन्माने उतरत नाही, ही कबुली वर्णधर्माला परवडणारी नाही.

आधुनिक भाष्यकारांनी ही बाजू ओळखली. बाबासाहेबांप्रमाणेच कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडे शिकलेल्या हू शी यांनी १९१९ च्या आपल्या चिनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासात लाओत्सेला त्याच्या काळातील राजकारणाविरुद्ध उभा राहिलेला विचारवंत म्हणून वाचले. जोसेफ नीडहॅम यांनी १९५६ मध्ये 'वू वेई'चा अर्थ निष्क्रियता नव्हे, तर निसर्गाविरुद्ध कृती न करणे असा लावला आणि ताओवाद्यांना सरंजामशाहीचे विरोधक मानले.

मात्र या भाष्यांनीही आपले समाधान होऊ नये. राज्यकर्त्याने लोकांना ज्ञानाविना ठेवावे, असेही लाओत्सेच्या ग्रंथात आहे. त्याचा अर्थ कपटी चातुर्यापासून दूर ठेवणे असा सौम्य करून सांगितला जातो. ज्यांच्या घरी अक्षर पहिल्यांदाच आले, त्यांनी ही सौम्यता कशी स्वीकारावी? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राजाने हात आखडता घेतला असता, तर इथली उतरंड जशीच्या तशी राहिली असती. माणसाने रचलेल्या विषमतेपुढे स्वस्थ बसणे म्हणजे निसर्गाला मान देणे नव्हे.

म्हणून ताओ जरूर वाचावा. आचाऱ्याच्या आणि चाकवाल्याच्या बाजूने वाचावा. आणि कुणी 'सहज राहा' म्हणाला, तर आधी त्याला विचारावे: बाबा रे, तू कुठे बसून हे सांगतो आहेस?