योद्ध्यांचे राज्य आणि भिक्षुकाची दृष्टी

सामुराईंच्या नमुन्यावर कल्पित साम्राज्ये रचणाऱ्या कादंबऱ्यांत तलवार, कुळ आणि निष्ठा यांचे वर्णन विपुल असते. त्या तलवारीच्या धन्याला पोसतो कोण, हे मात्र क्वचितच कळते. वास्तविक सामुराईचा दर्जा त्याच्या नेमणुकीच्या तांदळावर मोजला जाई! मराठीत या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन गेले ते ‘माझा प्रवास’कार विष्णुभट गोडसे. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने ते वरसईहून निघाले. त्यामुळे नेवाळकरांच्या झाशीत शौर्याइतकाच त्यांना दानधर्म दिसतो.

झाशीच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर, तळ्याकाठी, महालक्ष्मीचे मंदिर आहे. तेथे जाणारी राणीची स्वारी, कधी पालखीतून तर कधी घोड्यावरून, भटजी बारकाईने वर्णितात. हे वर्णन निव्वळ हौसेचे मानणे मला मान्य नाही. १८५४ मध्ये खालसा झालेले राज्य प्रजेच्या डोळ्यांसमोर पुन्हा उभे करण्याचे सामर्थ्य त्या स्वारीत होते; राजकारण येथे वस्त्रालंकारांतून बोलते.

एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले. त्या कत्तलीतही भटजी वीररसाच्या आहारी जात नाहीत. जीव कसा वाचला आणि मिळविलेले द्रव्य कसे गेले, हे सांगतात. प्रस्तुत लेखकाला त्यांची विश्वसनीयता येथेच जाणवते. मात्र चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेला पाठ संस्कारित आहे. भटजींच्या शैलीविषयीचा कोणताही निष्कर्ष, हाही, द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ पाठावर तपासून घ्यावयास हवा.