आटोपशीर वारंवारिता-निवडक पृष्ठे : एका विशेषणाची चिकित्सा

प्रस्तावना :
उपग्रह संदेशवहनात एकाच अँटेनाकडून दोन वारंवारिता-पट्ट्यांचे काम घ्यायचे असल्यास एका पट्ट्याला वाट देणारे व दुसऱ्याला परतवणारे पृष्ठ लागते. धातूच्या सारख्या आकृत्या ठरावीक अंतराने मांडून ते तयार करतात. त्यास वारंवारिता-निवडक पृष्ठ म्हणतात. 1977 मध्ये प्रक्षेपित झालेल्या व्हॉयेजर यानांच्या 3.7 मीटर व्यासाच्या अँटेनातील दुय्यम परावर्तक याच जातीचा आहे : एक्स पट्टा त्यावरून परावर्तित होतो, एस पट्टा पार जातो. या पृष्ठांच्या ‘आटोपशीर’ रचनांवर विपुल शोधनिबंध लिहिले जातात. त्यांतील ‘आटोपशीर’ या विशेषणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
आटोपशीरपणाची गरज निर्विवाद आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह 22 जून 2016 रोजी प्रक्षेपित झाला. त्याची बाजू सुमारे 10 सेंटिमीटर होती. 437 मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी सुमारे 69 सेंटिमीटर असते. साध्या चौकोनी कड्याची परिमिती साधारण एका तरंगलांबीइतकी लागते. म्हणजे एकाच घटकाची बाजू 17 सेंटिमीटर, उपग्रहाहूनही मोठी! शिवाय घटकांतील अंतर 0.6 तरंगलांबी असल्यास सुमारे 42 अंशांच्या आपाती कोनापासून ऊर्जा नको त्या दिशांना फाकू लागते. अंतर अर्ध्या तरंगलांबीहून कमी ठेवल्यास हा दोष टळतो.

आक्षेप आहे तो मोजमापाच्या पद्धतीवर. बहुतेक निबंध केवळ एकक घटकाचा आकार सांगतात. गणन मात्र अनंत पसरलेल्या पृष्ठाचे असते. प्रत्यक्षातील तुकडा सान्त असतो आणि त्याच्या कडा उत्तर बदलतात. आटोपशीरपणाची किंमतही मोजावी लागते. एकाच थराच्या पट्टा-पारक पृष्ठात धारिता वाढवून अनुनाद खाली आणल्यास पट्टा अरुंद होतो, व्यय वाढतो. त्यात स्वस्त म्हणून एफआर-4 पत्रा वापरल्यास उच्च पट्ट्यांत हानी अधिकच जाणवते. व्ययरहित गृहीतकावर काढलेला सुबक आलेख ही किंमत झाकून ठेवतो. पृष्ठ भूस्थानकाच्या आवरणासाठी असेल, तर गणेशपुरीसारख्या ठिकाणच्या पावसाळ्यात त्यावर पाण्याचा थर साचतो व अनुनाद खाली सरकतो. ही चाचणी निबंधांत क्वचितच आढळते.

निष्कर्ष :
घटक लहान झाला म्हणजे रचना आटोपशीर झाली, असे म्हणता येत नाही. संपूर्ण तुकड्याचे माप, तिरप्या आपातातील व दोन्ही ध्रुवीकरणांतील स्थैर्य, पट्टारुंदी आणि व्यय यांची प्रत्यक्ष मोजलेली नोंद सोबत असावी. मार्गदर्शक प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून नव्या आकृतीपेक्षा ही नोंद आधी मागावी. लहान महाविद्यालयास मोजणीची साधने दुर्मीळ असतात, हे खरे. परंतु तेथे निष्कर्ष ‘गणनापुरते’ आहेत, असे लिहिणे तरी सहज शक्य आहे. त्याने निबंधाचे मोल घटत नाही, विश्वासार्हता वाढते.