अपात्र हातांतील कृपा

ग्रॅहम ग्रीन यांच्या १९४० सालच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या कादंबरीचा नायक मद्यपी, व्रतभंग केलेला धर्मगुरू आहे. १९३० च्या दशकात मेक्सिकोत ख्रिस्तसभेचा छळ चालू असता, सापळा ओळखूनही तो सुरक्षित प्रांतातून एका मरणोन्मुख खुन्याचे पापनिवेदन ऐकण्यासाठी परततो. खुनी पापनिवेदन करीतच नाही. धर्मगुरू मात्र पकडला जातो. मृत्यूपूर्वी त्याचे स्वतःचे पापनिवेदन ऐकावयास कोणी येत नाही. तुरुंगातील भाविक स्त्री ग्रीन यांनी केवळ आत्मसंतुष्ट रंगविली, हे आम्हांस एकांगी वाटते. नित्याची निष्ठा हेही कृपेचेच दान आहे. तरीही पापनिवेदन ऐकावयास बसणाऱ्या आम्हांस ही कादंबरी अस्वस्थ करते. ख्रिस्ताच्या नावाने जी क्षमा आम्ही देतो, ती आम्हीही रित्या हातांनीच मागावयाची असते.