विकासाचे कर्ज आणि बाईचे नाव

धरणे, रस्ते, पाणीयोजना यांच्यासाठी परदेशी कर्ज घेतले जाते तेव्हा त्या कर्जाच्या समर्थनात एक वाक्य हटकून येते : या प्रकल्पाचा लाभ स्त्रियांना होईल. साहित्याचे समीक्षक असल्या वाक्यांकडे वळत नाहीत; त्यांच्या लेखी ते वाङ्मय नव्हे. परंतु ज्या समाजाचे जगणे-मरणे तलाठ्याच्या दप्तरात ठरते, त्या समाजाच्या समीक्षेने हे कागद वाचलेच पाहिजेत. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. अशा घरात लिहिलेल्या कागदाचा धाक असतो; तो कागद वाचल्यानेच जातो.

'स्त्रियांना' ही चतुर्थी विभक्ती. देणारा दुसराच, घेणारी बाई. या वाक्यात ती कर्ता नसते. आणि आपल्या भाषेत 'कर्ता' म्हणजे घरातला कर्ता पुरुषही. नंदुरबार जिल्ह्यात हे दोन अर्थ एकत्र आले आणि त्याची किंमत नर्मदाकाठच्या बाईने मोजली.

सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. धरण गुजरातेत, बुडणारी गावे तीन राज्यांत. महाराष्ट्रातील ३३ गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या धुळे आणि १ जुलै १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यातली. पुनर्वसनाचा पाया होता नर्मदा पाणीतंटा लवादाचा १९७९ चा निवाडा. त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुले आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असणारी माणसे, जसे विधवा आई. प्रत्येक सज्ञान मुलगा मात्र स्वतंत्र कुटुंब! सज्ञान मुलीचा उल्लेख नाही. ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन मिळणार होती. ज्या बाईने आयुष्यभर डोंगरउतारावर नवऱ्याच्या बरोबरीने शेत कसले, ती या निवाड्यात 'अवलंबून असणारी' ठरली. कोण कोणावर अवलंबून होते, हे कोणी विचारले?

आदिवासी समाज स्त्री-पुरुष समतेचा आहे, हे वाक्य आपल्याकडे फार प्रेमाने उच्चारले जाते. सातपुड्यात हुंडा नाही, देज आहे. बाईच्या श्रमाचे मोल तिथे उघडपणे मानले जाते. हे खरेच. परंतु जमीन परंपरेने मुलाकडे जाते. निवाड्याने या परंपरेतला अन्याय तेवढा उचलला आणि त्यावर सरकारी शिक्का मारला. परंपरेत जे बाईच्या हातात होते ते मात्र कागदावर आलेच नाही. मोहाची फुले, चारा, सरपण, रानभाजी, नदीतली मासळी यांचा सातबारा नसतो. मोह वेचून, वाळवून विकणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे राहत. जंगल बुडाले तेव्हा ही मिळकतही बुडाली. पण जी मिळकत कधी लिहिलीच नव्हती तिची भरपाई कोण देणार? आपल्या दलित बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ती भूमिहीन, तिच्या नावावर बुडायलासुद्धा जमीन नसते.

विरोधक म्हणतील, धरणामुळे वीज आली, पाणी आले, त्याचा लाभ बायकांना होतच असणार. सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला आहे. त्या २७ टक्क्यांत बुडालेल्या गावच्या बाईचा वाटा किती, हे कोठेही लिहिलेले नाही. तिच्या वाट्याला काय आले ते २०२० मध्ये दिसले. अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका गरोदर बायांपर्यंत आणि बाळांपर्यंत पोषण आहार पोचवण्यासाठी धरणाच्या फुगवट्यातून स्वतः नाव वल्हवत होती. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. कौतुक योग्यच आहे. पण त्या कौतुकाखाली एक हिशेब झाकला गेला. कोट्यवधी डॉलरच्या कर्जाने पाणी बाईच्या दारापर्यंत आणले आणि रस्ता आणला नाही. जी नदी पूर्वी तिची होती ती आता तिच्या कामाच्या आड येते.

म्हणून कर्ज नकोच, असे म्हणायचे का? मी तसे म्हणणार नाही. डोंगरातल्या बाळंतिणीला झोळीत घालून दवाखान्यात न्यावे लागते तेव्हा रस्ता हीच तिच्या जिवाची गोष्ट असते. नळ दाराशी आला तर हंड्याखालचे तास मुलीच्या शाळेला मिळतात. आपली परंपराही धरणांच्या आंधळ्या विरोधाची नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखाते सांभाळत होते, तेव्हा दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी आकार दिला. त्याच बाबासाहेबांनी स्त्रीला मालमत्तेचा हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. नदीचे नियोजन आणि बाईचा वारसाहक्क या दोन्ही गोष्टींसाठी एकच माणूस झटला, हे आपण विसरतो. पुढच्या राज्यकर्त्यांनी पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी अर्धीच घेतली. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या खटल्यात एक आदिवासी स्त्री संपादित जमिनीच्या मोबदल्यात वाटा मागत होती. न्यायालयाने तिची मागणी मान्य केली नाही, मात्र कायदा बदलण्याचा विचार करा असे केंद्र सरकारला सांगितले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात स्त्रीच्या वारसांचा समान वाटा मान्य केला. दार किलकिले झाले आहे, एवढेच.

ते आपोआप झालेले नाही. मणिबेलीपासून सुरू झालेल्या संघर्षात बायका पुढे होत्या. या लढ्यामुळे बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. समितीचा १९९२ चा अहवाल बँकेविरुद्ध गेला, मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज सोडले आणि त्याच वर्षी बँकेने पीडितांच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापन केले. बँक गेली, धरण थांबले नाही. पण कर्जाचा कागद बदलू लागला. त्याच बँकेच्या कर्जातून २००३ मध्ये महाराष्ट्रात 'जलस्वराज्य' आले, तेव्हा गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या, ही अट कागदातच होती. या अटीलाही पळवाट असते. बाईच्या खुर्चीवर नवरा बसतो हे आपण रोज पाहतो. तरीही लिहिलेल्या अटीवर भांडता येते, न लिहिलेल्या दयेवर भांडता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे केला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सज्ञान व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब मानली. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांनाही वेगळे कुटुंब मानले. १९७९ च्या निवाड्यात न सापडलेली मुलगी ३४ वर्षांनी कायद्यात आली.

तेव्हा यापुढे विकासकर्जाची परीक्षा साधी ठेवावी. पहिला हप्ता उचलण्यापूर्वी बाधितांच्या यादीत बाईचे नाव खातेदार म्हणून आहे काय? जंगल, गायरान, नदी यांतून तिला मिळणारे उत्पन्न नुकसानीत धरले आहे काय? पेसा कायदा १९९६ पासून असताना ग्रामसभेत तिला नाही म्हणता येते काय, आणि ती नाही म्हणाली तर काम थांबते काय? या तिन्ही प्रश्नांना होकार नसेल तर 'लाभ स्त्रियांना होईल' हे वाक्य खुशाल खोडावे.

आपल्या विद्यार्थ्यांनी कवितेबरोबर हे कागदही वाचावेत. गावातल्या कार्यकर्त्याने यादी मागून घ्यावी आणि चावडीवर मोठ्याने वाचावी. जिचे नाव त्यात नाही ती बाई समोरच बसलेली असेल. तिला विचारून तिचे नाव त्याच दिवशी लिहून घ्यावे.