‘सोलानिन’ : सुटकेची किंमत

बटाटे फार दिवस टोपलीत राहिले की त्यांना कोंब फुटतात, उजेडात राहिले तर सालीवर हिरवट झाक चढते. त्या कोंबांत आणि हिरव्या सालीत जे विष साठते त्याचे शास्त्रीय नाव सोलानिन. आपल्या गृहिणी हे नाव न जाणताही कोंब खुडून टाकतात आणि बटाटा फारच हिरवा झाला असेल तर तो फेकून देतात. इनिओ असानो या जपानी चित्रकथाकाराने आपल्या एका दीर्घ चित्रकथेला हेच नाव दिले आहे. तारुण्याची मुदत संपत आली तरी मोठे होण्याची तयारी नसलेल्या एका जोडप्याची ही कथा आहे.

चित्रकथा म्हटले की मुलांचे वाचन, अशी आपल्याकडे समजूत आहे. जपानमध्ये ‘मांगा’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार प्रौढही गंभीरपणे वाचतात. उजवीकडून डावीकडे वाचत जाण्याची सवय तेवढी करून घ्यावी लागते. ‘सोलानिन’ २००५ व २००६ या वर्षांत ‘यंग संडे’ या साप्ताहिकातून क्रमशः आली, पुढे दोन खंडांत निघाली आणि २००८ साली तिचा इंग्रजी अनुवाद एका खंडात प्रसिद्ध झाला. असानो यांचा जन्म १९८० चा; म्हणजे कथा लिहिताना ते जवळजवळ आपल्या पात्रांच्याच वयाचे होते. पुस्तकाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य, दोन्हींचे मूळ आम्हाला या गोष्टीत दिसते.

मेइको ही तरुणी महाविद्यालय सोडून टोकियोतील एका कचेरीत कारकुनी करीत आहे. तानेदा हा तिचा महाविद्यालयीन मित्र एका छोट्या संस्थेत अर्धवेळ चित्रे काढतो, आणि दोघे एकाच खोलीत राहतात. कामाला कंटाळलेल्या मेइकोला तानेदा सहज म्हणून जातो की, नोकरी सोडायची तर सोड. ती खरोखरच सोडते. मग सुरू होतात मोकळे दिवस. उशिरापर्यंत झोप, तामा नदीच्या काठी भटकंती, मित्रांच्या बैठका. तानेदाचा एक जुना वाद्यवृंद आहे. त्यात ढोल वाजवणारा बिली घरच्या औषधांच्या दुकानात बसतो, तर कातो वर्षामागून वर्षे महाविद्यालयातच रेंगाळतो आहे. हा भाग अतिशय प्रसन्न आहे. असानो यांची पार्श्वभूमी छायाचित्रासारखी काटेकोर असते : विजेच्या तारा, रेल्वेचा पूल, खोलीतला पसारा. त्या काटेकोर जगात त्यांची माणसे मात्र गोल चेहऱ्यांची, काहीशी हास्यास्पद अशी वावरतात. ही माणसे त्या जगात पूर्णपणे बसत नाहीत, हे शब्दांवाचून कळते.

या मोकळेपणाचे मोल समजण्यासाठी जपानी रीत ध्यानात घ्यावी लागते. तेथे मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांची भरती एकाच हंगामात करतात आणि सारे उमेदवार एप्रिल महिन्यात एकदम रुजू होतात. ही गाडी चुकवणाऱ्याला किंवा मधल्याच स्थानकावर उतरणाऱ्याला पुन्हा तसा डबा मिळणे कठीण. १९९० च्या दशकात तेथील अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि त्यानंतरच्या काळाला जपानी लोक नोकरभरतीचे हिमयुग म्हणू लागले. अर्धवेळ कामांवर दिवस काढणाऱ्या तरुणांसाठी ‘फ्रीटर’ हा शब्द तर त्याआधीच रूढ झाला होता. तेव्हा मेइकोची कृती लाडावलेल्या मुलीचा लहरीपणा नव्हे. तिने सोडले ते परत मिळण्याची शाश्वती तिला नाही, आणि हे ती जाणून आहे.

येथवर कोणतीही विनोदी चित्रकथा गेली असती. असानो पुढे जातात, आणि तेथेच हे पुस्तक आम्हाला महत्त्वाचे वाटले. मोकळी झालेली मेइको रिकामपणाला लवकरच कंटाळते. तानेदाने गाणे मनापासून करावे, असा आग्रह ती धरते. तानेदा आजवर आपली कला छंद म्हणून सांभाळत आला, कारण छंदात नापास होण्याची भीती नसते. तिच्या आग्रहाखातर तोही काम सोडतो, मित्रांसह गाणे ध्वनिमुद्रित करून कंपन्यांकडे पाठवतो. एका कंपनीचा माणूस भेटतो, पण त्याला हवी असते एका होतकरू तरुण गायिकेमागे वाजवणारी साथ. मुलांनी तोंड उघडण्यापूर्वी मेइकोच नकार देते. वाचकाला त्या क्षणी तिचे कौतुक वाटते. दोन-चार पाने उलटल्यावर लक्षात येते की नकार तिने दिला, पण त्याचे ओझे तानेदाच्या खांद्यावर पडले. एकाने खाली ठेवलेली जबाबदारी नाहीशी होत नाही, ती घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जाते. मेइकोच्या सुटकेची किंमत तानेदा भीतीच्या रूपाने भरतो, आणि लेखक हे कोठेही उच्चारून सांगत नाही. प्रसन्न पानांमधून ते हळूहळू पाझरत येते.

नोकरी सोडून घरी बसलेल्या मुलाची किंवा मुलीची तक्रार घेऊन येणारे आईबाप आमच्या परिचयाचे आहेत. आळस हाच शब्द बहुधा त्यांच्या ओठांवर असतो. या पुस्तकात आळशी माणूस एकही नाही. भ्यालेली माणसे मात्र आहेत. हा फरक असानो यांना दिसला, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

यानंतर जे घडते ते सांगितल्यावाचून समीक्षा पुरी होत नाही. ज्यांना कथा अनपेक्षितपणे वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद व पुढचे दोन सोडून द्यावेत. तानेदा काही दिवस घरातून नाहीसा होतो. मग जुने काम पुन्हा मिळवून तो परतीची वाट धरतो. दुचाकीवर असताना आपण सुखी आहोत काय, हा प्रश्न त्याला घेरतो. तो वेग वाढवतो, लाल दिवा ओलांडतो आणि अपघातात मरण पावतो. तो अपघात होता की आणखी काही, हे असानो धूसर ठेवतात. चित्रांची ही मालिका विलक्षण परिणामकारक आहे, आणि तरीही येथेच आमची तक्रार आहे. सामान्य कामावर परतलेला, गाणे न सोडलेला, रोज सकाळी उठणारा तानेदा रंगवणे हे खरे अवघड काम होते. मृत्यूने लेखकाला त्यातून सोडवले. पात्रांच्या पलायनाकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहणारा लेखक ऐन मोक्याच्या जागी स्वतःच निसटला, असे आम्हाला वाटते. पंचविशीतल्या लेखकाला पुढचा रस्ता अजून दिसला नसावा, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

अपघातानंतरच्या भागातील एक प्रसंग आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक वाचावा. तानेदाचे वडील मुलाचे सामान नेण्यासाठी त्या खोलीवर येतात. ते सज्जन आहेत, मेइकोशी मायेने वागतात. पण ती त्यांची कोण? सून नाही, विधवा नाही. ज्याच्यासोबत ती राहिली, त्याने तिला किंवा तिने त्याला कधी कोणते वचन दिलेले नव्हते. विवाहाविना एकत्र राहणे आम्हाला मान्य नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको, आणि असानो यांना ते विचारण्यातही अर्थ नाही. त्यांच्या जगात तो प्रश्नच उपस्थित होत नाही. तरी त्या खोलीत उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये नात्याचे नाव नसल्याने पडलेले अंतर त्यांच्याच चित्रांत दिसते. कोणत्याही प्रवचनापेक्षा ते अधिक बोलके आहे.

तानेदाची गिटार मागे राहते. मेइको ती शिकते आणि बिली व कातो यांच्यासह त्याचे गाणे एकदा, फक्त एकदाच, लोकांपुढे म्हणते. तिला कीर्ती लाभत नाही, तशी तिची अपेक्षाही नाही. मग ती खोली रिकामी करते. हा शेवट संयमित आहे, आणि मधल्या सुटकेचे परिमार्जन त्याने पुष्कळ अंशी होते.

२०१० साली या कथेवर जपानी चित्रपट निघाला. आओई मियाझाकी या अभिनेत्रीने मेइकोची भूमिका केली आणि असानो यांच्या शब्दांना एशियन कुंग-फू जनरेशन या वाद्यवृंदाने चाल दिली. चित्रपट चांगला आहे. परंतु कागदावरचे गाणे ऐकू येत नाही, प्रत्येकाला ते मनातल्या मनात रचावे लागते, आणि पुस्तकातील ती रिकामी जागा आम्हाला अधिक आवडली. मुलांच्या हाती मात्र हे पुस्तक देऊ नये. भाषा जागोजागी राकट आहे आणि जोडप्याचे खासगी जीवनही त्यात येते. महाविद्यालय संपवलेला मुलगा किंवा मुलगी ज्या घरात आहे, तेथे आईबापांनी ते आधी वाचावे, आणि मग काही न बोलता मेजावर ठेवून द्यावे.