हाताबाहेरचं कारण

सत्यजित राय यांच्या 'सीमाबद्ध'विषयी (१९७१) बोलताना आपण बहुधा श्यामलेंदू चॅटर्जीच्या अधःपतनाविषयी बोलतो. पाटण्याचा हुशार मुलगा कलकत्त्याला येतो, पंखे बनवणाऱ्या कंपनीत विक्री व्यवस्थापक होतो आणि संचालकपदाच्या मोहात सदसद्विवेक गहाण टाकतो. हे वाचन चुकीचं नाही, पण सोयीचं आहे. सगळा दोष एका माणसाच्या पदरात घातला की कंपनी नामानिराळी राहते. चित्रपट पुन्हा पाहताना मला वाटलं की यातलं सगळ्यात प्रभावी पात्र माणूस नाहीच. ते आहे करारातलं एक कलम.

इराकला पाठवायचे पंखे ऐनवेळी सदोष निघतात. मुदत चुकली तर दंड भरावा लागेल, नाचक्की होईल, बढतीही हुकेल. मात्र कारखान्यात कामगारांची गडबड झाली आणि त्यामुळे उशीर झाला, तर करारानुसार दंड माफ. हे कलम हाताबाहेरच्या कारणांसाठी असतं. श्यामलेंदू ते कारण हाताने घडवायचं ठरवतो. कामगार अधिकारी तालुकदार त्याला साथ देतो. कारखान्यात दंगा होतो, टाळेबंदी जाहीर होते, एक पहारेकरी गंभीर जखमी होतो. श्यामलेंदू संचालक होतो.

या सगळ्यात कागदावर एकही नियम मोडलेला दिसत नाही. कराराचं पालन झालं आहे, ग्राहकाला रीतसर कारण कळवलं आहे, टाळेबंदीलाही निमित्त आहे. गुन्हा नियम पाळूनच केला आहे. 'सगळं नियमानुसार आहे' हे वाक्य आपण कार्यालयांत रोज ऐकतो. त्या वाक्याच्या आड काय काय मावतं, ते रायांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे.

तालुकदाराकडे म्हणूनच नीट बघायला हवं. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. कामगारांची गाऱ्हाणी ऐकणं, ती वर पोचवणं अशी कामं या पदाकडे आली. पण त्याचा पगार कंपनीच देते. कोण कशाने दुखावतो, कोणाच्या शब्दाला वजन आहे, ठिणगी कुठे पडू शकते, हे ज्याला ठाऊक असतं तोच भांडण मिटवू शकतो. आणि तोच ते पेटवूही शकतो. तालुकदार खलनायकी करत नाही. तो आपलं रोजचं ज्ञान उलट्या दिशेने वापरतो, इतकंच. आज त्या खात्याला 'मनुष्यबळ विकास' म्हणतात. नाव बदललं तरी पगार कोणाकडून येतो हा प्रश्न तसाच उरतो.

इथे माझी रायांबद्दल एक तक्रार आहे. घरातल्या मेजवानीत श्यामलेंदूचे आईवडील अचानक येतात आणि त्यांना आतल्या खोलीत बसवलं जातं, तो अवघडलेपणा राय फार बारकाईने टिपतात. तितकं लक्ष कामगारांच्या वाट्याला येत नाही. त्यांचा राग खरा होता का? त्यांच्या मागण्या काय होत्या? टाळेबंदीच्या दिवसांत त्यांच्या चुली कशा पेटल्या? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या, संप-घेरावांनी धुमसणाऱ्या कलकत्त्यात हे प्रश्न दूरचे नव्हते. पण चित्रपटात कामगारांचा असंतोष म्हणजे साहेबांनी दाबलेलं बटण होऊन बसतो. कंपनी जशी कामगारांकडे बघते, जवळपास तसाच कॅमेराही बघतो. कथा श्यामलेंदूच्या नजरेतून सांगितली आहे म्हणून हे घडतं, असा बचाव करता येईल. मला तो अर्धाच पटतो.

शेवटी लिफ्ट बंद असते. नवा संचालक धापा टाकत जिने चढून घरी येतो. मेव्हणी टुटुल, त्याने वापरायला दिलेलं घड्याळ, मुकाट्याने काढून परत ठेवते. या निवाड्याची दाद आपण नेहमी देतो, आणि तो आहेही तसाच धारदार. पण टुटुल पाहुणी आहे. ती पाटण्याला परत जाऊ शकते. ज्याला उद्या त्याच फाटकावर उभं राहायचं आहे, त्या पहारेकऱ्याचा निवाडा चित्रपटाने ऐकलेला नाही.